कोरड्या आडातलं गाणं

“सूनबाई, तुमची नीला आडापाशी लई घुटमळती. ध्यान ठिवा तिच्यावर.”

छबुबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी ओट्यावर बसून ज्वारी निवडत होते. मला हसूच आलं. त्या वर्षी वैशाखात टेंभवाडीच्या आडात पाण्याचा टिपूस नव्हता. रोज संध्याकाळी टँकर यायचा, आडात पाणी ओतायचा, तासाभरात गाव ते उपसून न्यायचं आणि तळाला उरलेलं रात्रीतून खडकात जिरून जायचं. मी म्हटलं, “मावशी, कोरड्या आडात कोण बुडतं हो?”

छबुबाई काठी टेकत निघून गेल्या. मी कॉलेजात शिकलेली, त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. तेव्हा माझंच बरोबर असणार, असं मी धरून चालले.

पुढं जे झालं ते मला मुलांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गोष्ट त्यांची आहे, म्हणून त्यांच्या बाजूनंच सांगते. अधूनमधून नीलाची आई दिसेल, ती मीच. तिच्याकडे फार लक्ष देऊ नका. ती सारखी चुकीच्या ठिकाणी बघत होती.

*

“काढा! आरं, काढा ना मला! दम कोंडतोय!”

बंकटचं डोकं दुधाच्या कॅनमध्ये अडकलं होतं. गहिनीनाथनं त्याचे पाय धरले होते, मंजुळानं कॅनचे दोन्ही कान धरले होते आणि दोघं दोन दिशांना ओढत होते. टेंभवाडीच्या दूध संस्थेच्या मागच्या खोलीत भर दुपारी हा खेळ चालला होता.

“तुला गाणं म्हणून बघ म्हणलं होतं, आत राहायला जा म्हणलं नव्हतं!” गहिनी ओरडला.

“एक, दोन... ओढ!”

टप् असा आवाज झाला आणि बंकट बाहेर आला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“घुमतो का रे आवाज आत?” मंजुळानं विचारलं.

“घुमतो, पण नीलासारखा न्हाई. म्हशीसारखा घुमतो!”

“तो तुझा आवाजच तसा हाय,” गहिनी म्हणाला.

गहिनी तेरा वर्षांचा आणि मंजुळा बारा वर्षांची. दोघं भाऊबहीण माजलगावहून सुट्टीत आजीकडं आले होते. त्यांची आजी म्हणजेच छबुबाई. बंकट इथलाच, अकरा वर्षांचा. त्याचे वडील संस्थेत दूध मोजून घ्यायचे, त्यामुळे कॅन, टँकर, पाइप यांतलं त्याला सगळं कळायचं. निदान तो तसं सांगायचा तरी.

आणि हा सगळा खटाटोप होता नीलासाठी.

नीला छबुबाईंच्या शेजारच्या किराणा दुकानदार मन्मथप्पांची नात. वय वर्षं दहा. बोलायला लागली की चिमणीएवढा आवाज, पण गायला लागली की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. ‘विश्वस्वर’ नावाची मुलांची गाण्याची स्पर्धा होती. तीस देशांतली मुलं त्यात गायची. ती टीव्हीवर दिसायची आणि शेवटची फेरी पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात व्हायची. नियम एकच. मुलानं आपल्या भाषेतलं गाणं एकट्यानं गायचं. वाद्य नको आणि यंत्राची करामत तर अजिबात नको. नीलानं आईच्या मोबाइलवर आपलं आपणच गाणं भरून पाठवलं आणि भारतातून निवडलेल्या बारा मुलांत तिचं नाव आलं!

सगळं गाव नाचलं. दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांनी तर पेढेही वाटले.

आणि मग चार दिवसांनी मुंबईहून निरोप आला. गाण्यातला आवाज विलक्षण घुमतो आहे. हा घुमारा यंत्रानं घातल्याचा परीक्षकांना संशय आहे. गुरुवारी आमची माणसं गावात येतील. गाणं जिथं भरलं ती जागा दाखवा. दाखवता आली नाही, तर नाव रद्द.

“सांग ना नीला, कुठं म्हणलंस गाणं?” मुलांनी दहा वेळा विचारलं.

“घरातच,” नीला मान खाली घालून म्हणायची.

घरात आवाज घुमत नव्हता. मुलांनी जाऊन बघितलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात घुमत नव्हता. देवळात घुमायचा, पण घंटा थरथरायची आणि तो थरथराट गाण्यात नव्हता. संस्थेच्या रिकाम्या गोदामात बंकटनं एवढा मोठा सूर लावला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. तरीही तो घुमारा काही सापडला नाही.

आज मंगळवार होता. गुरुवार परवावर आला होता!

*

बुधवारी दुपारी मंजुळाला पहिला धागा सापडला.

नीला ओसरीवर बसून जवसाची चटणी आणि भाकरी खात होती. मंजुळानं तिचा हात धरला. “हे काय गं?”

तळहातावर तांबूस डाग होते. मंजुळानं ते हुंगून बघितले.

“गंज! लोखंडाचा गंज हाय हा. आणि फ्रॉकला हे हिरवं काय लागलंय?”

नीलानं झटकन हात मागं घेतला. “काही नाही. आई बोलावतीय.” आणि ती पळाली.

तिघं चिंचेखाली जमले.

“हिरवं?” गहिनी म्हणाला. “या गावात हिरवं काही उरलंय का?”

“सुंदरनानांचा सदरा,” बंकट म्हणाला.

“गंमत नको रे! शेवाळ होतं ते. मी हात लावून बघितलं. ओलं होतं!”

ओलं! ज्या गावात माणसं तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालतात, तिथं शेवाळ कुठून येणार?

संध्याकाळी पाच वाजता टँकर आला. हा संस्थेचाच जुना दुधाचा टँकर. गावात दूधच आटलं, तेव्हा संस्थेनं तो धुऊनपुसून पाण्याला लावला होता. चालक रामकिसननं गाडी आडाला लावली. मागच्या तोटीला जाड पाइप जोडला, त्याचं तोंड आडात सोडलं आणि तो थांबला. गाव घागरी घेऊन उभं होतं, पण कुणी घाई केली नाही. छबुबाई आल्याशिवाय टेंभवाडीत आडात पाणी पडत नसे.

छबुबाई काठी टेकत आल्या. आडाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून वाकल्या आणि त्यांनी लांब सुरात हाक दिली,

“आडात कोन हाय का गं बाईऽऽ... कोन हाय का रं दादाऽऽ... पानी येतंऽऽय!”

एकदा, दोनदा, तीनदा. मग कान देऊन दहा आकडे मोजले. शेवटी कठड्यावर थाप मारली. “सोड, रामकिसन!”

पाणी धबाधबा कोसळलं. मोठा आवाज झाला.

“आजी, आत कोन असणार?” बंकट हसत म्हणाला. “बेडूक? तोबी दुष्काळाला कटाळून कडा गावाला गेला आसंल!”

सगळे हसले. छबुबाई हसल्या नाहीत.

“माझा थोरला भाऊ या आडात गाळ काढायला उतरलता. मी तवा तुज्याएवढी. वरनं कुनीतरी न बघता पोहरा सोडला. डोळा गेला त्याचा. तवापासनं मी हाक मारती. आन् आतल्यानं ‘हाय’ म्हनायचं, ही रीत. उत्तर आलं न्हाई तरच पानी.”

“पण आजी, उतरतात कुठनं?” गहिनीनं विचारलं.

“कड्या हायत ना आतल्या अंगाला. गाळ काढनारांसाठी ठोकलेल्या.”

तेवढ्यात घागरींची झुंबड उडाली आणि तिघंही पाणी ओढायला धावले. ती गोष्ट तिथंच राहून गेली. मंजुळाच्या मनात काहीतरी टोचलं होतं. पण बंकटनं तिच्या पायावर घागर आपटली आणि ते टोचणं भांडणात विसरलं गेलं.

*

गुरुवार उजाडला. बारा वाजता जीप आली. मुंबईच्या तन्वी मॅडम, एक कॅमेरावाला आणि गळ्यात मोठे हेडफोन अडकवलेला दिनकर नावाचा ध्वनिवाला, असे तिघं उतरले. चार वाजता चित्रण ठरलं.

सुंदररावांच्या अंगात वारं शिरलं होतं. ते सगळीकडं पळत होते.

“कुनी खाकरायचं न्हाई! कुत्री तिकडं बांधा! हॉर्न न्हाई, भोंगा न्हाई, हाका मारायच्या न्हाईत! आवाज रेकॉर्ड व्हायचाय!” बोलता बोलता ते छबुबाईंसमोर थांबले. “मावशी, तुमी असं करा. कड्याच्या बाजारात जाऊन पाहुण्यांसाठी हार घेऊन या.”

“हार? आरं, तिकडनं यायला मला पाच वाजतील. टँकरला कोन...”

“मी हाय की! जावा, गाडी उभी हाय.”

छबुबाईंना गाडीत बसवून दिलं. मग सुंदररावांनी कोपऱ्यात जाऊन रामकिसनला फोन लावला. तो फोन दुसऱ्या कुणी ऐकला नाही. नंतर त्यांनीच तो सगळ्यांसमोर सांगितला.

“रामकिसन, आज पाचला न्हाई, तीनलाच ये. पुरा टँकर रिकामा कर. ते गावाचंबी चित्रण करनार, आपला आड जगभर दिसनार हाय. कोरडा दिसला तर संस्थेची इज्जत काय ऱ्हाईल?”

“चेअरमन, पन छबुमावशी...”

“हाका मारून सगळं रेकॉर्डिंग बिघडवायचंय का? गुपचूप ओत आन् इकडं ये. तुलाबी टीव्हीवर घेतो!”

अडीच वाजता नीलाची आई फ्रॉकला इस्त्री करत होती. तिला वाटलं, नीला मंजुळाकडं आहे. मंजुळाला वाटलं, नीला घरी तयार होतेय. पावणेतीनला आई दारात आली.

“मंजुळा, नीलाला पाठव गं. केस विंचरायचे आहेत.”

“काकू, ती इकडं न्हाई!”

आईचा चेहरा उतरला. “देवळात असेल. घाबरली की ती देवळात बसते.” आणि ती देवळाकडं धावली.

मुलं संस्थेच्या सभागृहाकडं पळाली. तिथं दिनकर टाळ्या वाजवून भिंतींचा अंदाज घेत होता. एक टाळी, मग कान देऊन थांबायचं, पुन्हा एक टाळी.

“दादा, नीला आलीय का इथं?” मंजुळानं धापा टाकत विचारलं.

“नाही गं. पण मला एक सांग, तिनं ते गाणं खरंच कुठं म्हटलं? तो घुमारा खोलीतला नाहीच. मी पैजेवर सांगतो, ती जागा गोल आहे. गोल, अरुंद आणि खूप खोल. दगडी असणार.”

गोल. खोल. दगडी.

मंजुळाच्या डोळ्यांसमोर दोन तळहात आले. गंजाचे डाग. कड्या हायत ना आतल्या अंगाला! फ्रॉकवरचं ओलं शेवाळ. सगळं गाव तहानलेलं असताना रोज ओली होणारी एकच जागा!

“आड!” ती किंचाळली. “गहिनी, ती आडात उतरते!”

“मग घाबरतेस कावून? टँकर पाचला येतो. अजून दोन तास...”

गहिनीचं वाक्य तोंडातच राहिलं. वेशीच्या बाजूनं ओळखीची घरघर ऐकू आली. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती.

“टँकर!” बंकट पांढरा पडला. “आन् आजी... आजी तर कड्याला!”

तिघं सुटले.

सभागृहापासून आडापर्यंत दोन गल्ल्या आणि एक उतार. वाटेत सुंदरराव आडवे आले. “ए! पळू नका! धूळ उडतीय!” गहिनीनं त्यांच्या हाताखालून उडी मारली. बंकट पायांमधून गेला. मंजुळाच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं ती तिथंच फेकली आणि तापलेल्या मातीवरून अनवाणी धावली.

“मामा! रामकिसनमामा! थांबाऽऽ!”

आड दिसला, पण रामकिसन दिसला नाही. त्यानं पाइप आत सोडला होता, तोटी उघडली होती आणि टीव्हीवर दिसायला तो दुसऱ्या गल्लीनं सभागृहाकडं निघून गेला होता! आडात पाणी गर्जत होतं.

“नीलाऽऽ!” मंजुळा कठड्यावर वाकली. आत नुसता काळोख, तुषार आणि आवाज. तिचाच शब्द तिला ऐकू आला नाही.

“तोटी बंद कर!” गहिनी टँकरकडं धावला. तोटीचं चाक जागचं हललं नाही. ते फिरवायचा पाना रामकिसनच्या खिशात होता. गहिनीनं अंगठ्याची साल निघेपर्यंत जोर लावला. “हलत नाही! पाइप ओढा बाहेर!”

तिघांनी पाइप ओढला. पाण्यानं भरलेला तो जाड पाइप अजगरासारखा जड झाला होता. वीतभरसुद्धा सरकेना. सगळा आड जेमतेम आठ फूट रुंद. टँकरमध्ये दहा हजार लिटर पाणी. गहिनीनं मनात हिशेब केला आणि त्याला रडूच फुटलं. पुरा टँकर पडला तर आत नीलाच्या डोक्यावर पाणी जाणार होतं.

“बाजूला व्हा!” बंकट ओरडला.

तो टँकरच्या मागं गुडघ्यांवर बसला होता. तोटी आणि पाइप यांच्या जोडाला दोन लोखंडी कान असतात. ते वर उचलले की पाइप सुटतो. बंकटनं ते रिकाम्या टँकरवर शंभर वेळा केलं होतं. भरल्या टँकरवर कधीच नाही. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, पाणी चालू असताना कानाला हात लावला तर पाइप फटका मारतो!

“बंकट, लागेल रे तुला!”

“लागू दे!”

त्यानं एक कान उचलला. दुसरा अडकला. त्यानं त्यावर टाच मारली. एकदा, दोनदा...

फाड्! पाइप उडाला आणि बंकटच्या खांद्यावर आदळला. बंकट तीन हात लांब जाऊन पडला. आणि तोटीतून पाण्याचा जाड झोत सरळ रस्त्यावर कोसळला! धूळ चिखल झाली आणि ओहोळ उताराला लागला. दुष्काळात, टेंभवाडीच्या रस्त्यावरून पाणी वाहत निघालं!

“पानी! आगं बया, पानी सांडलं!” पहिली किंकाळी रुक्मिणीबाईंची. मग सगळी गल्ली बाहेर आली. कुणी घागर लावली, कुणी परात, कुणी पदर. “कुणाची कार्टी ही? कुनी केलं हे?”

सुंदरराव धापा टाकत पोचले. मागून रामकिसन, मॅडम, कॅमेरावाला आणि दिनकर. सुंदररावांनी गहिनीची मानगूट धरली आणि हात उगारला.

“हरामखोरा! गावच्या घशातलं पानी सांडतो? दुसऱ्या गावचा मस्तवालपना इथं करतो?”

“नाना, नीला आत हाय! आडात नीला हाय!”

“खोटं बोलतो वर! नीला घरी वेणी घालतीय!”

“न्हाई हो नाना, घरी न्हाई!”

“मग देवळात आसंल! पोरांनी पानी सांडलं, आता गोष्टी रचत्यात!”

आधी मामाला तोटी बंद करायला सांगा, हे कुणाला सुचत नव्हतं. मंजुळाला सुचलं. ती रामकिसनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“मामा, तुमी हाक मारली होती?”

रामकिसन टँकरकडं धावला. त्यानं खिशातून पाना काढला. करकर करत चाक फिरलं. झोत बारीक झाला, थेंब झाला, थांबला.

अचानक सगळीकडं शांतता पसरली.

मंजुळानं दोन्ही हात कठड्यावर ठेवले, अगदी आजी ठेवायची तसे. आणि तिनं सूर लांबवला,

“आडात कोन हाय का गं बाईऽऽ...”

दिनकरनं हेडफोन कानांवर दाबले आणि हातातला माइक आडाच्या तोंडाशी धरला. मंजुळा मनात मोजत होती. एक... दोन... तीन... गर्दी फाडत नीलाची आई पुढं आली. देवळाची पायरी चढून उतरून आलेली, डोक्यावरचा पदर कुठंतरी पडलेला. चार... पाच... सहा...

“आहे!” दिनकर कुजबुजला. “थांबा! काहीतरी आहे!”

आणि मग सगळ्यांनीच ऐकलं. चिमणीएवढा, घोगरा, पण आडाच्या दगडांनी उचलून वर आणलेला आवाज.

“हाऽऽय...”

*

रामकिसनच उतरला. कंबरेला दोर बांधून, कड्यांवर पाय ठेवत. त्याला कुणी सांगायची वेळ आली नाही.

टँकर पाचला येतो या भरवशावर नीला चित्रणाआधी एकदा गाऊन बघायला आत उतरली होती. पाइप नेमका कड्यांच्या बाजूलाच सोडलेला होता. म्हणून पाणी कोसळायला लागल्यावर नीलाला वर चढता येईना. ती समोरच्या भिंतीतल्या एका कोनाड्याला धरून उभी राहिली होती. पाणी छातीपर्यंत आलं होतं. ती ओरडत होती, पण पाण्याच्या गर्जनेत तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. पाणी अचानक थांबलं तेव्हा तिला वाटलं, टँकर संपला. मग वरून हाक आली आणि तिला आठवलं, आतल्यानं ‘हाय’ म्हणायचं असतं.

रामकिसननं तिला पाठीवर घेऊन वर आणलं. आईनं तिला जे धरलं ते सोडलंच नाही. ती रागावली नाही, रडलीही नाही. नुसती नीलाची बोटं मोजत राहिली, पुन्हा पुन्हा, दहा आहेत का बघत.

“आई, मला सांगायचं होतं गं,” नीला घोगऱ्या आवाजात म्हणाली. “पण तू गाणं बंद केलं असतंस.”

आईनं खरंच बंद केलं असतं.

पाच वाजता छबुबाई हार घेऊन उतरल्या. त्यांनी चिखलाचा रस्ता बघितला आणि ओल्या पोरीला बघितलं. हारांची पिशवी सुंदररावांच्या हातात दिली आणि आडाकडं बोट करून विचारलं, “हाक कुनी दिली?”

“मावशी,” सुंदरराव म्हणाले. “मी... टँकर मीच लवकर बोलावलता. आड भरलेला दिसावा म्हनून. तुमाला मीच लांब लावून दिलं.”

“मला कशापायी सांगतो? त्या पोराला सांग.”

सुंदरराव गहिनीसमोर आले. ज्या हातांनी मानगूट धरली होती, तेच हात त्यांनी जोडले. मग बंकटसमोर वाकले. बंकटचा खांदा वांग्यासारखा सुजला होता.

“पोरा, पानी सांडलंस म्हनून मारनार होतो मी तुमाला.”

“नाना, मला टीव्हीवर घ्या म्हंजे झालं,” बंकट कण्हत म्हणाला. त्या दिवसातलं पहिलं हसू तेव्हा गर्दीत उमटलं.

मॅडमनी चित्रण दुसऱ्या दिवशी ठेवलं. दिनकरनं आडावर एक टाळी वाजवली, घुमारा ऐकला आणि मुंबईला फोन लावला. “यंत्र वगैरे काही नाही, सर. चाळीस फूट खोल दगडी आड आहे. पोरीनं देवाघरचा स्टुडिओ शोधलाय.”

शुक्रवारी सकाळी नीला कठड्याशी उभी राहून आडात वाकून गायली. आत उतरली नाही. आईनं तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. टीव्हीवर नीट बघितलंत तर कोपऱ्यात ती मूठ दिसते.

त्या महिन्यात दूध संस्थेची सभा झाली. कोरमपेक्षा तिप्पट माणसं आली. ठराव मांडला गेला, की आडाला हाक दिल्याशिवाय आणि दहा आकडे मोजल्याशिवाय टँकरची तोटी उघडू नये, मग पाहुणा कुणीही असो. सूचक म्हणून छबुबाईंनी अंगठा उठवला. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर मन्मथप्पा उठले. “या तीन पोरांची नावं घाला. सभासद नसले म्हणून काय झालं? गावचं पाणी सांडायची हिंमत तुमच्यापैकी एकात तरी होती का?” सगळ्या सभेनं टाळ्या वाजवल्या. नियमात बसत नसूनही तीन नावं लिहिली गेली.

आणि लिस्बन?

बारा मुलांतून नीला पुढं निवडली गेली, आणि शेवटच्या फेरीच्या रविवारी सगळं गाव संस्थेच्या टीव्हीसमोर बसलं होतं. नीला मंचावर आली. एवढ्या झगझगाटात ती आणखीच लहान दिसत होती. तिनं सुरुवातीला गाणं घेतलंच नाही. तिनं हात पुढं ठेवले, कठडा असल्यासारखे, आणि लांब सूर लावला,

“आडात कोन हाय का गं बाईऽऽ...”

मग ती थांबली. तीस देश बघत होते आणि ती दहा आकडे मोजत होती.

टेंभवाडीत छबुबाई जागेवरून उठल्या. “हाय!” त्या टीव्हीला म्हणाल्या. मग मंजुळा ओरडली, गहिनी ओरडला, बंकट तर बाकावर चढला, आणि पाठोपाठ सगळं गाव, “हाय! हाऽऽय!”

तिचा पाचवा नंबर आला. त्याचं गावात कुणालाच काही वाटलं नाही.

आता एक काम सांगते. तुमच्या घरात, शेजारात, जे पोर बऱ्याच वेळापासून गप्प आहे, ते आत्ता कुठं आहे? आजीकडं असेल, देवळात असेल, असं म्हणू नका. मीही तसंच म्हटलं होतं. पुस्तक पालथं ठेवा, उठा आणि त्याला नाव घेऊन हाक मारा. हळू नाही, मोठ्यानं. आणि दहा आकडे मोजा.

उत्तर आलं नाही, तर शोधायला निघा.